दहावीनंतरचे आठ आठवडे: घर, दोस्ती आणि पहिलं प्रेम

कर्नाटकात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्डाचा, शेवटचा पेपर संपतो आणि जूनच्या सुरुवातीला पीयूसीचे, म्हणजे अकरावीचे, वर्ग भरू लागतात. मधे उरतात आठ आठवडे. २०२४ साली परीक्षा ६ एप्रिलला संपली आणि निकाल ९ मेला लागला. २०२५ साली ४ एप्रिलला संपली, निकाल २ मेला लागला. म्हणजे निकाल सुट्टीच्या अगदी मध्यावर येऊन बसतो. आखणी त्याच्याभोवतीच करावी लागते: आधीचे चार आठवडे मोकळे, नंतरचे चार धावपळीचे.

पंधरा-सोळा वर्षांचं पोर या आठ आठवड्यांत जेवढं बदलतं तेवढं पुढच्या दोन वर्षांत बदलत नाही. शाळा सुटलेली, कॉलेज सुरू व्हायचं, रोजचं वेळापत्रक नाही, सोबती पांगणार हे कळलेलं. अशा वेळी आईबाबांनी दोन गोष्टी करायच्या असतात. पोराला एखादं खरं काम पूर्ण सोपवायचं, आणि काही बरंवाईट घडलं तर ते आधी घरात येऊन सांगावंसं वाटेल असं वागायचं. खाली जे आहे ते या दोन गोष्टींचंच विवरण आहे, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी.

पहिला आठवडा झोपेला द्या. मार्चभर पहाटे उठवलेलं पोर दहापर्यंत लोळलं तर लोळू द्या. या वयात आठ ते दहा तास झोप लागतेच. आठव्या दिवसापासून मात्र उठायची वेळ ठरवा. रात्री दोनपर्यंत मोबाईल आणि दुपारी बाराला अंघोळ असं एकदा अंगवळणी पडलं की ते मेअखेर मोडत नाही, आणि कॉलेजचे पहिले पंधरा दिवस वर्गात झोपण्यात जातात.

एक काम, मुळापासून शेवटपर्यंत

"घरात जरा मदत कर की" असं म्हणून काही साधत नाही. आईनं सांगितलं की पाणी भरायचं, बाबांनी हाक मारली की गिरणीत जायचं, यात पोराचं स्वतःचं काही नसतं. त्यापेक्षा एकच काम निवडा आणि ते पूर्ण हवाली करा. ते रोज थोडं थोडं करावं लागणारं हवं, चुकलं तर खरोखर नुकसान होणारं हवं, आणि ते नुकसान घराला सोसवेल एवढंच हवं.

जांबोटी-कणकुंबीकडच्या किंवा दारात आंबा असलेल्या कुठल्याही घराला आंब्याची आढी यासाठी उत्तम. एका झाडाचे शंभरेक आंबे पोराच्या नावावर करा. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, उतरवायचे, झाड हलवून पाडायचे नाहीत, कारण आपटलेला आंबा आतून काळा पडतो आणि शेजारच्या चौघांना घेऊन कुजतो. देठ बोटाच्या पेराएवढा ठेवायचा. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथं डाग पडतो. उतरवलेले आंबे देठ खाली करून तासभर ठेवायचे, चीक गळू द्यायचा, मग अर्धा दिवस सावलीत पसरून अंगातली ऊब जाऊ द्यायची. गरम आंबा तसाच आढीत घातला की उकडल्यासारखा होतो.

खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर सोडून, चार बोटं जाडीचं कोरडं भाताचं पिंजर पसरायचं. त्यावर आंब्यांचा एक थर, वर पुन्हा पिंजर, असे तीनच थर. चौथा घातला की खालचे दबतात. वरून पोतं. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी हात घालून बघायचं, मऊ पडलेला वेगळा, डाग पडलेला बाहेर. आठ-दहा दिवसांत खोलीचं दार उघडल्याबरोबर वास येतो. तो वास आपल्या हातचा आहे हे पोराला कळतं, आणि आपल्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

बहुतेक घरं इथं एक चूक करतात. तिसऱ्या दिवशी बाबा आढीत हात घालतात, "असं नव्हे, तसं" म्हणतात आणि थर बदलतात. मग वीस आंबे कुजले तरी ते बाबांचे, गोड निघाले तरी बाबांचेच. एकदा दाखवून बाजूला व्हा. विचारलं तरच सांगा. पिकलेले आंबे कुणाला किती द्यायचे, आजीला पहिला कोणता, चार डझन विकायचे का, हेही पोरानंच ठरवायचं. पैसे आले तर त्याचे.

शहरात, टिळकवाडीत किंवा अनगोळात, आढी नाही जमली तर महिन्याचं किराणा सामान पूर्ण द्या: यादी, पैसे, रविवार पेठेत दोन दुकानांत भाव विचारून घेणं, वहीत हिशेब. किंवा नळाला रोज पाणी येत नसेल तर टाक्यांचं काम द्या. ज्या दिवशी विसरेल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी बादलीभर पाण्यात भागवायचं, आणि कुणी टोमणा मारायचा नाही. टोमणा मारला की पाण्याची गोष्ट राहते बाजूला आणि भांडण सुरू होतं.

चार पैसे मिळावेत म्हणून बाहेर कामाला पाठवणार असाल तर काम बघून पाठवा. अठराखालच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. उद्यमबागेतली फौंड्री किंवा निपाणीकडची तंबाखूची वखार ही सुट्टीतल्या पोराची जागा नाही, कितीही ओळखीचा मालक असला तरी. पुस्तकाचं दुकान, ओळखीच्या काकांचं स्टेशनरीचं काउंटर, शेतातली हलकी कामं चालतील. मिळालेले पैसे त्याच्याच नावच्या खात्यात जाऊ द्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं चालवायचं बचत खाते उघडता येतं, आणि बँकेतला फॉर्म त्यानंच भरावा.

विहीर, गल्ली आणि दोस्त

इकडची उन्हाळी दोस्ती विहिरीवर जमते. पोहायला शिकवायचं तर याच सुट्टीत, पण नीट.

पूर्वी पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळलेला भोपळा पाठीला बांधायचे. आता पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन वापरतात. बूच घट्ट आहे का ते आधी पाण्यात दाबून बघा, बुडबुडे आले तर तो कॅन टाकून द्या. कॅन पाठीवर, कमरेच्या वर, सुती दोरीनं बांधायचे. नायलॉनची दोरी ओली झाली की गाठ सरकते. पहिले पाच-सहा दिवस दोन कॅन, मग एक, मग कॅन काठावर आणि शिकवणारा हातभर अंतरावर. दहा-पंधरा दिवसांत बहुतेक पोरं कडेकडेनं पोहू लागतात. घाई करून तिसऱ्या दिवशी कॅन काढला की पोर घाबरतं, नाकातोंडात पाणी जातं, आणि ती भीती मग वर्षानुवर्षं राहते.

विहिरीचे नियम थोडे आहेत, पण ते पोरांना पाठ असायला हवेत. पोहता येणारा एक मोठा माणूस काठावर, कपड्यात, पाण्यात न उतरता. त्याच्याजवळ जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब. मोटार असलेल्या विहिरीत उतरण्याआधी नुसतं बटण बंद करून चालत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवा, कारण भारनियमनानंतर लाईट आली की कुणीतरी येऊन मोटार चालू करतं आणि खराब केबलमधून करंट पाण्यात उतरतो. वळीव पडून गेल्यावर दोन दिवस विहीर बंद: पायऱ्या शेवाळतात, कडेचे दगड सुटतात, पाणी गढूळ होऊन तळ दिसत नाही. पायऱ्या नसलेल्या विहिरीत कधीच नाही. मलप्रभेत किंवा मार्कंडेयात वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून एकदम दोन पुरुष खोल खड्डा लागतो, तिथं चांगला पोहणाराही फसतो.

कुणी बुडू लागलं तर आत उडी घ्यायची नाही. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. दोर किंवा ट्यूब फेकायची, ओरडून माणसं गोळा करायची. बाहेर काढल्यावर पालथं घालून पोट दाबत बसू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडातून श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास असं चालू ठेवा, आणि दुसऱ्यानं १०८ला फोन लावायचा. पोरांच्या टोळीतल्या प्रत्येकाला हे काठावर करून दाखवा. करून बघितलेलं हातात राहतं.

शहरातली दोस्ती गल्लीतल्या मंडळात घडते. बेळगावात शिवजयंती तिथीनं होते, वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. सजीव देखाव्यांच्या तालमी त्याआधी तीन-चार आठवडे गल्लीत सुरू असतात. पोरांना त्यात जाऊ द्या. मोठ्यांबरोबर वेळ पाळणं, कपडे-दाढीमिशा सांभाळणं, आपला संवाद नसताना दोन तास तसंच उभं राहणं, हे शाळेत शिकायला मिळत नाही. मुलींनाही जाऊ द्या, आणि परतायची वेळ मुलाला जी तीच मुलीला ठेवा. मुलाला पहाटे तीन आणि मुलीला रात्री नऊ असं ठेवलं की मुलगी खोटं बोलायला शिकते.

मिरवणुकीच्या रात्री परवानगी देताना तीन गोष्टी आधी ठरवा: कुणाबरोबर, कुठल्या कोपऱ्यावर, परत कसं यायचं. गर्दीत आणि डॉल्बीच्या आवाजात फोन लागणार नाही असंच धरून चला. "दीड वाजता या दुकानाच्या पायरीवर" एवढं ठरलेलं असलं की कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

मोटारसायकलची चावी मात्र देऊ नका. सोळा वर्षांचं मूल फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी लायसन काढून चालवू शकतं. इतर सगळ्याला अठरा लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. "येळ्ळूरच्या किल्ल्यावर जाऊन येतो" म्हणून तिघं एका गाडीवर बसून जाणं हा सुट्टीतला सगळ्यात मोठा धोका आहे. जायचंच तर बसनं किंवा सायकलनं, सकाळी सहाला निघून, ऊन चढायच्या आत परत.

पोरांचे मित्र कोण, हे विचारून कळत नाही. त्यांना घरी जेवायला बोलवा. चार पोरं, रविवारी दुपारी, आमरस-पोळी आणि भडंग एवढं पुरे. वाढून झालं की मोठ्यांनी दुसऱ्या खोलीत जायचं. कोण आजीशी बोलतो, कोण ताट उचलून ठेवतो, कोण सारखा एकाचीच थट्टा करतो, हे दोन तासांत कळतं. सारखी थट्टा सोसणारं पोर तुमचं असेल तर त्या रात्री लगेच उपदेश करू नका. दुसऱ्या दिवशी कामात असताना सहज विचारा.

या सुट्टीत एक जुनी मैत्री तुटतेच. एक सायन्सला शहरात, एक आयटीआयला, एकीला चंदगडला मामाकडं ठेवून अकरावीला घालायचं ठरलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप निघतो आणि त्यात एकाला घेतलेलं नसतं. मोठ्यांना हे पोरकट वाटतं. पोराला ते उपासमारीसारखं वाटतं. दुसऱ्या आईला फोन करून "तुमच्या पोरीनं माझ्या पोरीला का नाही घेतलं" असं विचारू नका, त्यानं फक्त अपमान वाढतो. एकट्या मैत्रिणीला घरी बोलवायला सुचवा. ग्रुपमधल्या आठजणींचं मन वळवण्यापेक्षा एकीशी नातं टिकवणं सोपं असतं.

आणि एक काम सीमाभागातल्या प्रत्येक मराठी शाळेतल्या पोरानं या सुट्टीत करावं: कन्नड बोलायला शिकावं. दहावीपर्यंत अक्षरं येतात, परीक्षेत गुण मिळतात, पण बसस्थानकावर तोंड उघडत नाही. कॉलेजात वर्गातली अर्धी पोरं कन्नड बोलणारी असतात. त्यांच्याशी बोलता आलं नाही तर पोर मराठी बोलणाऱ्या तिघांच्या कोपऱ्यात दोन वर्षं काढतं. रोज दहा वाक्यं, शेजारच्या कन्नड घरातल्या समवयस्काशी. 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्ली' म्हणजे कुठं, 'बेकु' हवं, 'बेडा' नको, 'गोत्तिल्ला' माहीत नाही, इथपासून सुरुवात. बदल्यात त्याला मराठी शिकवायची. आपली भाषा घट्ट असलेल्या पोराची दुसरी भाषा शिकून काही कमी होत नाही.

मामाचं गाव

चार-सहा दिवस पाठवा, पण एकट्याला, बसनं. बेळगावहून चंदगडला जायचं तर गाडी शिनोळीजवळ महाराष्ट्रात शिरते. मुलींचं शक्ती योजनेतलं मोफत तिकीट कर्नाटकातल्या कर्नाटकात चालतं, तेही आधार कार्ड दाखवून. सीमा ओलांडणाऱ्या गाडीत तिकिटाचे पैसे लागतात. दोनशे रुपये सुटे, मामाचा नंबर कागदावर लिहिलेला, पाण्याची बाटली. फोनची बॅटरी संपली तर कागद उपयोगी पडतो. आजी-आज्जांकडे गेल्यावर घरातला जुना किस्सा एक तरी विचारून, वहीत लिहून आणायला सांगा. त्या वयातल्या पोराला आपले आजोबाही सोळा वर्षांचे होते हे ठाऊकच नसतं.

पहिलं प्रेम

बहुतेक घरांना हे पोराकडून कळत नाही. शेजारच्या काकी सांगतात, नाहीतर फोनवर रात्री अकराला एकच नाव पुन्हा पुन्हा चमकतं. पहिल्या दिवशी जे कराल त्यावर पुढची दोन-तीन वर्षं पोर तुम्हाला काही सांगणार की नाही हे ठरतं. म्हणून त्या दिवशी काहीच करू नका. जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी बोला.

बोलणारं माणूस एकच असावं, ज्याची पोराला भीती सगळ्यात कमी वाटते ते. पुष्कळदा ती आत्ती किंवा मावशी असते. पण तिनं पोराला आधीच सांगावं की "हे मी तुझ्या आईला सांगणार आहे, खरं आधी तुझं ऐकते." गोड बोलून काढून घेतलं आणि मागून घरभर सांगितलं, असं एकदा झालं की संपलं.

समोरासमोर बसवून बोलू नका. हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले की तोंड उघडतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पापड, सांडगे, मिरच्या असतातच. सांडगे घालताना असं सुरू करता येतं:

"काकी म्हणत होत्या, तू कुणाशी तरी बोलतीस म्हणून."

पोरगी गप्प.

"मी रागावले नाही. खरं दुसऱ्याकडनं कळलं, तेवढं जरा लागलं."

आता थांबा. दहा सांडगे घालून होईपर्यंत तोंड उघडू नका. हीच वेळ सगळ्यांना अवघड जाते. आई घाबरून बोलत सुटते: अभ्यास, लोक काय म्हणतील, बाबांना कळलं तर. आणि पोरगी जे सांगणार होती ते गिळून टाकते. सातव्या-आठव्या सांडग्याला बहुधा काहीतरी येतं. "तो चांगला आहे आई," किंवा नुसतं रडू. दोन्ही चालेल. त्यावर "बरं. सांग की कसा आहे," एवढंच म्हणा.

ऐकताना चार गोष्टी शोधा, चौकशी करतोय असं न वाटू देता. वय किती? दोघंही सोळाची असतील तर ही पोरांची गोष्ट आहे. समोरचा बावीस-तेवीसचा असेल तर ती प्रेमाची गोष्ट नाही, तिथं तुम्ही मधे पडलंच पाहिजे. तो किंवा ती महागाच्या वस्तू, रिचार्ज, पैसे देते का? "हे कुणाला सांगू नको, मैत्रिणींशी बोलू नको" असं म्हणते का? उत्तर द्यायला उशीर झाला तर चिडते का, फोटो मागते का? यांतलं एकही 'हो' आलं तर सावध व्हा. काहीच नसेल तर घाबरण्यासारखं काही नाही. मन जडण्याचं हेच वय आहे. मुलीचं मुलीवर किंवा मुलाचं मुलावर जडलं असेल तरी ऐकायची रीत हीच, आणि तिथं तुमच्या पहिल्या वाक्याला जास्तच वजन असतं.

मग सीमा ठरवा, आणि कारणासहित सांगा. बोलायला हरकत नाही, चारचौघांत भेटायला हरकत नाही. रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, हा नियम आईबाबांनाही. बंद घरात दोघंच नाही. गाडीवरून गावाबाहेर, आंबोली-चोर्लाकडं, नाही. उघडे किंवा जवळिकीचे फोटो काढायचे नाहीत, पाठवायचे नाहीत, आले तर पुढं ढकलायचे नाहीत.

कारण कायदा असा आहे. २०१२च्या पोक्सो कायद्यात अठराखालचं प्रत्येकजण बालक. दोघांच्या राजीखुशीनं शरीरसंबंध आला तरी कायदा ती संमती मानत नाही. मुलगा सतरा वर्षांचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. अल्पवयीन व्यक्तीचा अश्लील फोटो बाळगणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बखाली गुन्हा आहे. हे धमकी म्हणून सांगू नका. विहिरीत मोटारीचा फ्यूज काढ म्हणून सांगता ना, त्याच आवाजात सांगा.

फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा १९३०वर, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, तक्रार द्या. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे. पोराला आधीच सांगून ठेवा: "असं काही झालं तर चूक कुणाचीही असो, पहिला फोन मला कर." धमकावणाऱ्याची सगळी ताकद घरी कळेल या भीतीत असते.

मुलाच्या आईबाबांनी वेगळं एक बोलायचं आहे, आणि ते फार थोड्या घरांत बोललं जातं. मुलीनं नाही म्हटलं, किंवा उत्तरच दिलं नाही, की संपलं. पुन्हा मेसेज नाही, तिच्या क्लासबाहेर उभं राहणं नाही, मित्रांकरवी निरोप नाही. मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे. गल्लीतली पोरं "सोडू नको, मानंल ती" म्हणून चढवतात. बाबांनी एकदा शांतपणे सांगितलेलं त्या सगळ्यांवर भारी पडतं, पण ते बाबांनीच सांगायला हवं.

आता घरं कुठं चुकतात ते. मारणं: पोर थांबत नाही, लपवायला लागतं. फोन हिसकावणं: दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या फोनवरून बोलणं सुरू होतं, आणि त्या फोनवर काय चाललंय ते तुम्हाला कधीच दिसत नाही. समोरच्या घरी चार माणसं घेऊन जाणं: एक मराठी घर, एक कन्नड घर, किंवा दोन वेगळ्या जाती असल्या की दोन पोरांची गोष्ट दोन गल्ल्यांची होते, आणि मग ती कुणाच्याच हातात राहत नाही. बोलायचंच झालं तर दोन आयांनी, एका घरात, पोरं नसताना. त्यापुढं जाऊ देऊ नका.

आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे पोरीचं शिक्षण बंद करून घाईनं स्थळ बघणं. अठराखालच्या मुलीचं लग्न लावणं २००६च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कर्नाटकात असा विवाह मुळातूनच रद्द धरला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी, एका उन्हाळ्यात कुणाशी बोलली म्हणून पोरीचं पुढचं सगळं आयुष्य काढून घ्यायचा हक्क कुणालाच नाही.

हे प्रेम बहुधा जूनपर्यंत आपोआप विरतं. कॉलेजं वेगळी होतात, बस वेगळ्या होतात. तुटल्यावर "बरं झालं" म्हणू नका. पहिले आठ-दहा दिवस जेवण कमी होतं, झोप उडते, हे साहजिक आहे. जेवायला बसवा, कामाला बरोबर घ्या, पण हसवायचा आटापिटा नको. दोन आठवड्यांनंतरही पोर कुणाशीच बोलत नसेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसले तरी काय" असं बोलत असेल, तर त्याच दिवशी १४४१६ला, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. पोराला सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय काय?" विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणाला तरी कळलंय याचा आधार वाटतो.

निकालाचा आठवडा

निकालाच्या दोन दिवस आधी शेतावरची फवारणीची औषधं कुलपात घाला आणि चावी मोठ्या माणसाच्या कमरेला. शेतकऱ्याच्या घरात एवढं कराच, पोर कितीही हुशार आणि शांत असलं तरी. प्रेमभंग आणि निकाल एकाच आठवड्यात आले तर त्याला एकटं ठेवू नका, पण पहाराही वाटू देऊ नका. आजीजवळ झोपायला सांगितलं की दोन्ही साधतं.

निकाल बघताना आईबाबांपैकी एकानं जवळ असावं. २०२५ साली मराठी माध्यमाला पहिली भाषा १२५ गुणांची, बाकीचे पाच विषय शंभरचे, एकूण ६२५ होते. आकडा काही येवो, त्या दिवशी नातेवाइकांना फोन पोरानं स्वतः करायचा की नाही हे त्याच्यावर सोडा. एखादा विषय गेला असेल तर त्याच वर्षी पुन्हा बसायची सोय आहे, वर्ष वाया जात नाही. अर्जाची तारीख मात्र निकालानंतर लगेच असते, म्हणून रडून झालं की दुसऱ्याच दिवशी शाळेत जा.

मेअखेर: कागद

प्रवेशाची धावपळ पोराला बरोबर घेऊन नव्हे, पोराला पुढं करून करा. नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, शाळेतून टीसी, गुणपत्रिका, आधार, सहा फोटो, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. दाखले कन्नडमध्ये येतात. नावाचं आणि आडनावाचं अक्षर आधारशी जुळतं का, हे काउंटर सोडण्याआधी पोरानंच वाचून बघायचं. मराठी आडनावं कन्नडमध्ये लिहिताना 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' सर्रास होतो, आणि तो दुरुस्त करायला नंतर पंधरा दिवस जातात. खिडकीतल्या माणसाशी पहिलं वाक्य पोराचं असू द्या. अडखळलं तर मागून बोलू नका, दोन पावलं लांब उभे राहा.

शेवटच्या आठवड्यात झोपेची वेळ रोज अर्ध्या तासानं अलीकडे आणा. बस पाससाठी कॉलेजातून काय कागद लागतात, ते पहिल्याच दिवशी विचारायला सांगा. पासाला फोटो लागले तर ते सहांतून आधीच वेगळे काढून ठेवा.